तारेची राखण

दक्षिणेकडच्या राज्यांशी चाललेलं युद्ध संपलं, तरी एक स्वयंसेवक घोडदळ सरहद्दीवर तारयंत्राच्या तारेची राखण करत अडकलं होतं. शनिवारी भरतीची मुदत संपणार होती. त्याआधी मुदतवाढीचा हुकूम आला, तर आणखी एक हिवाळा इथेच. तो येऊच नये म्हणून गस्तीवरच्या ऑरिनने गुपचूप तारच तोडली.

कप्तानाने ती जोडायला नेमकं ऑरिनच्याच धाकट्या भावाला, एसाला, पाठवलं.

"नको जाऊस, वादळ येतंय."

"आलोच रे दादा. आईच्या हातचं जेवायचंय ना?"

तारयंत्र पुन्हा टकटकू लागलं. बर्फाच्या वादळातून एसाचा घोडा मात्र एकटाच परतला.



तेवढ्यात कप्तान ओरडत आला, "खोगीर चढवा रे! घरी जायचा हुकूम परवाच सुटला होता. ही भिकारडी तार तुटली नसती, तर कालच निघालो असतो!"