दामोदरपंतांचा कित्ता

एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात कचेरीच्या आवारात जुन्या मामलेदारांचा, कैलासवासी दामोदरपंतांचा, पुतळा बसला. मोठ्या दुष्काळात या माणसाने वरच्या हुकुमाची वाट न बघता सरकारी कोठार उघडून तालुका जगवला होता आणि त्यापायी नोकरी घालवली होती. पडदा ओढून आताचे मामलेदार शामकांतराव यांनी पुतळ्याला वाकून नमस्कार केला. "तुम्ही प्रत्येकाने दामोदरपंतांचा कित्ता गिरवा," ते म्हणाले. कोठारावरचे कारकून मार्तंडराव यांनी तर डोळेच पुसले.

त्या साली पाऊस लांबला. पाथर्डीच्या बाजूने आलेल्या बायका लेकरांना घेऊन कोठारापुढे बसल्या. त्यांच्यातली राहीबाई म्हणाली, "दादा, लेकरं झाडपाल्यावर हायेत. आत जवारी हाय, अन् आमी भाईर मरायचं व्हय?"

मार्तंडरावांनी साहेबांना विचारायला शिपाई धाडला. उत्तर आलं, नगरहून हुकूम आल्याशिवाय दाणा हलता कामा नये. मार्तंडरावांनी एकवार पुतळ्याकडे पाहिलं आणि कोठाराचं कुलूप काढलं.

दुसऱ्याच दिवशी ते बडतर्फ झाले. साहेबांना खरंच वाईट वाटलं. निरोप द्यायला ते जातीने कचेरीच्या पायरीपर्यंत आले आणि त्यांनी मार्तंडरावांच्या पाठीवर हात ठेवला.

"मन लहान करू नका, मार्तंडराव. तुमच्या पश्चात तुमचाही पुतळा इथेच बसवू."