ऐकण्याचा पेपर

जपानीच्या परीक्षेतला ऐकण्याचा पेपर होता. कॅसेट सुरू झाली आणि खिडकीखाली वरात येऊन थांबली. बँड, फटाके, नाच. प्रश्न ऐकूच येईनात.

“सर, कॅसेट पुन्हा लावा ना!” मी उभी राहिले.

“एकदाच लावायचा नियम आहे,” पर्यवेक्षक म्हणाले. “डिसेंबर म्हणजे लग्नसराई, बाई. चालायचंच.”

सकाळी निघताना अण्णा म्हणाले होते, “पास झालीस तर ओसाकाच्या नोकरीवर जा, मी अडवणार नाही. नापास झालीस, तर मुकाट्याने सांगलीच्या स्थळाला हो म्हणायचं.”

चाळीस वर्षं झाली त्याला. वरात हलली तेव्हा विसांतले चारच प्रश्न उरले होते. ते मला सगळे नीट कळले. इतके सोपे होते, की उत्तरांचे गोल काळे करतानाच मला रडू फुटलं.