बाबांच्या तोंडी बाळ

फणस कसा कापावा हे बाबा मन लावून सांगत होते आणि मी मोबाइलवर शूट करत होते. संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ पाहिला. ओठ त्यांचे हलत होते, आवाज मात्र खिदळणाऱ्या बाळाचा.

"अगं, माझं बोलणं कुठंय?"

"काढलं. लोकांना प्रवचन नको असतं, बाबा. बाळ हवं असतं."

"बरं बाई. आता बारसंही करून टाक माझं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

तेराव्याला आत्या म्हणाली, "दादाचा आवाज ऐकव गं एकदा." फोनमध्ये बाबांचे बासष्ट व्हिडिओ होते आणि सगळ्यांत तेच बाळ. फोन भरतो म्हणून मूळ चित्रण मी दर वेळी पुसून टाकलं होतं. भिंतभर पुस्तकं वाचून माझी विनोदबुद्धी इथवर पोचली होती.

फणसाचा व्हिडिओ लावून मी बाळाला गप्प केलं. बाबांच्या ओठांकडे बघत त्यांचं बोलणं मीच म्हणू लागले, "आधी हाताला तेल लावायचं..." पुढचं येईना. आत्या वाट बघत होती.

"बाबा," मी फोनलाच म्हणाले, "तुम्ही बोलायचात तेव्हा मी ऐकतच नसायचे."