डाव्या हाताची सुरी

"मूठ बोचते हो." बाईंनी कागदात गुंडाळलेली सुरी काउंटरवर ठेवली. "आणि काप सरळ पडतच नाही. काकडी घ्यावी, तर सुरी आपली भलतीकडेच निघते."

दुकानदाराने कागद उलगडला. मग चष्मा पुसायचं निमित्त करून मान खाली घातली.

सुरी त्याच्या लेकीची होती. पातं जपानहून मागवलेलं, एकाच अंगाने धार असलेलं, तेही डावखुऱ्या हातासाठी उलट्या बाजूने. मूठ त्याने स्वतः घासली होती, लेकीचा डावा पंजा मापून. बोटांच्या वळणात बसेल असा एका बाजूला उंचवटा. उजव्या हाताने धरली की तोच उंचवटा तळव्यात घुसणार.

दोन महिन्यांपूर्वी ती लेकीच्या घरातून नाहीशी झाली. घरात बाहेरचं माणूस एकच, स्वयंपाकाच्या मावशी. त्या रडल्या, शपथा घेतल्या. "बाबा, असली माणसं मी बरोबर ओळखतो," म्हणत जावयाने त्यांना त्याच दिवशी काढलं. बातमी आसपास फिरली. तेव्हापासून मावशींना कुणी दारात उभं करत नव्हतं. त्या एकदा दुकानात येऊन म्हणाल्या होत्या, "दादा, काम नका देऊ. माझ्यावरचा डाग तेवढा पुसा." दुकानदाराला मावशी चोर वाटत नव्हत्या. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा?

आता चोराचा माग त्याच्या हातात आला होता.

"पोलाद उंची आहे," तो माल पारखणाऱ्याच्या आवाजात म्हणाला. "कडक असतं, म्हणून धार टिकते. पण हाडावर मारली की टवका उडतो. हा बघा, उडालाय."

"गोठलेलं मटण होतं," बाई ओशाळल्या.

"सुरीला कुऱ्हाड समजलात की! विकली कुणी तुम्हाला?"

"विकत कशाला घेतेय? आमच्या ह्यांनी दिली, लग्नाच्या वाढदिवसाला. इतक्या वर्षांत एक भेट आणली, तीही बोचणारी!"

दुकानदार हसला. मनात त्याने हिशेब जुळवला. नवरा बिचारा साधा, कुणीतरी चोरीचा माल स्वस्तात गळ्यात मारला. त्या माणसाचं नाव मिळालं, की मावशी सुटल्या.

"कुठून घेतली, विचारता का त्यांना? मूठ दुरुस्त करायला बरं पडेल."

"फिरतीवर असतात ते. थांबा, लावते." बाईंनी फोन काउंटरवर ठेवून स्पीकर सुरू केला. "अहो, सुरी घेऊन दुकानात आलेय. हे काहीतरी विचारतायत, नीट सांगा बरं."

दुकानदार फोनवर वाकला. एवढा वेळ जपलेला साधेपणा त्याच्याच्याने धरवेना.

"साहेब, ही सुरी चोरीची आहे. कुणाकडून घेतलीत त्याचं नाव सांगा. एका निरपराध बाईच्या पोटाचा प्रश्न आहे."

बाई दचकल्या. फोनमधून चिरकलेला, ओळखीचा आवाज आला.

"बाबा... तुम्ही?"

दुकानदाराने काउंटरची कड धरली. बाईंनी फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगंबाई, मामंजी! किती वर्षं ह्यांच्या मागे लागलेय, एकदा तरी सासरच्या माणसांना भेटवा म्हणून!"