तव्यावरचे दाणे

कुमुदने पत्र्याचा डबा उघडून नवऱ्याचा गॅरेजमधला शर्ट नाकाशी धरला. शर्टाला कसलाच वास नव्हता.

नवरा गेला, त्याच वर्षी पेट्रोलचा वासही गेला. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात आलेले नवे पांढरे दाणे पेट्रोलमधली उग्र वासाची विषारी द्रव्यं शोषून घेऊ लागले आणि पाच वर्षांत शहर तो वास विसरूनही गेलं. कुमुदकडे तेवढा हा शर्ट उरला होता. दाणे वास धरून ठेवतात, असं तिने ऐकलं होतं. म्हणून गेल्या महिन्यात शेजारच्या रेहानाकडून तिने त्यांची पुरचुंडी मागून घेतली आणि शर्टाच्या घडीत ठेवली.

रेहाना त्याच कारखान्यात कामाला होती. कुमुदने शर्ट नेऊन दाखवला, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"काकू, मला विचारायचं तरी! शर्टातला सगळा वास दाण्यांनी ओढून घेतला."

"मग आता?"

"तापवले तर सोडतील. पण एकदाच. आणि खिडक्या सताड उघड्या ठेवा, चांगला नसतो तो छातीला."

रेहाना गेल्यावर कुमुदने दाणे तव्यावर पसरून गॅस पेटवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकाएकी स्वयंपाकघर त्या वासाने भरून गेलं. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी दारातून आत यायचा, अगदी तस्सा.

"आधी हात धुऊन या बघू," ती सवयीने वैतागून म्हणाली.

मोरीतला नळ काही वाजला नाही. कुमुद उठली आणि तिने एकेक करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.