उजवीकडची वाट

"ह्यात माझं नाव कुठं हाय, दावा," ठकी म्हणाली आणि पदराखालून पुस्तक काढून तिनं पायरीवर ठेवलं.

विनिता हरखलीच. कडाव गावातल्या या घराच्या पायरीवर ठकी वीस वर्षं येत होती. वरच्या डोंगरातल्या वाडीवरून, कधी करटोली, कधी आवळे, कधी करवंदं घेऊन. तिला अक्षरओळख नव्हती. आणि आज स्वतःचं छापलेलं नाव बघायला ती एवढं ऊन तुडवत आली होती. दोन महिने कुठे होतीस, हे विचारायचंही विनिता विसरली. ठकीची पाटी आज रिकामी आहे, हेही तिच्या ध्यानात आलं नाही. ती चष्मा शोधायला आत पळाली.

पुस्तकं तपासणं हा विनिताचा धंदा. पुण्याच्या प्रकाशकाकडून हस्तलिखितं यायची आणि ती डोळ्यांत तेल घालून त्यातल्या चुका वेचायची. शब्दकोश, जुनी गॅझेटियरं, सरकारी नकाशे, सगळं टेबलावर हाताशी असे. जे त्यांत सापडायचं नाही, त्यासाठी ठकी होती. या झाडाला काय म्हणतात, त्या टेकाडाचं नाव काय. ठकीनं सांगितलेलं आजवर कधी खोटं निघालं नव्हतं.

हे पुस्तक ओमकार नावाच्या एका हौशी भटक्याचं. कर्जत-खालापूरच्या डोंगरात कुठे कुठे जावं, ते सांगणारं. त्यात ठकीच्या वाडीवरचा एक झरा होता, भर उन्हाळ्यातही न आटणारा. वाघोबाच्या दगडापासून डावीकडे वळा, असं ओमकारनं लिहिलं होतं. विनितानं नकाशा उघडला. डावीकडे नुसता कडा होता. तिनं ओमकारला फोन लावला. तो म्हणाला, वाडीतल्या धाऊ नावाच्या म्हाताऱ्यानं तसं सांगितलं, मला काही पाणी सापडलं नाही, तुम्हीच बघा ना जरा. विनिताला तेवढंच हवं होतं. पुढच्या खेपेला ठकी आली, तेव्हा चहा देता देता तिनं विषय काढला. कशासाठी विचारतेय, ते मात्र बोलली नाही. ठकीनं बोट पाण्यात बुडवून याच पायरीवर वाट काढून दाखवली. विनितानं 'डावीकडे' खोडून 'उजवीकडे' लिहिलं आणि आठवडाभर स्वतःवरच खूश राहिली.

बरं, एवढ्यावरही ती थांबली नाही. माहिती जिची, नाव तिचं, हा तिचा जुना हट्ट. असल्या बायांची नावं कोण छापतं, असं प्रकाशक म्हणाला, तर ती त्याच्याशी भांडली. शेवटी आभाराच्या पानावर ओळ पडली: झऱ्याची अचूक वाट सांगणाऱ्या ठकीबाई यांचे आभार.

"हे बघ," विनितानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ठकीबाई. तूच ती."

ठकी त्या बोटाकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर आनंद काही दिसेना.

"म्हंजी सुनिता खोटं बोलली नाय," ती म्हणाली.

सुनिता ही वाडीतली बारावी झालेली पोर. कुणी पाहुणा झऱ्यावर हे पुस्तक विसरून गेला होता, ते तिनं साऱ्या वाडीला वाचून दाखवलं होतं. ठकी सांगत गेली, आवाज न चढवता. फेब्रुवारीपासून दर रविवारी गाड्या येतात. माणसं झऱ्यात उतरून आंघोळी करतात, साबणाचा फेस तसाच राहतो, बाटल्या फुटतात. त्यांचं आटपेपर्यंत वाडीतल्या बाया हंडे घेऊन दगडांवर बसून असतात. त्या पाण्यानं पोरं हगवणीला लागली. वाट फोडली कुणी, म्हणून सगळी वाडी बैठकीला बसली. मी एकाही पाहुण्याला वाट दावली नाय, अशी ठकीनं वाघोबाची आण घेतली. तेव्हा सुनितानं हे पान वाचलं. त्या दिवसापासून ठकीचा हंडा सगळ्यांच्या मागून लागतो. तोवर झऱ्यात गढूळ पाणीच उरलेलं असतं.

धाऊ चुकला होता, मी फक्त ते दुरुस्त केलं, असं काहीतरी विनिता पुटपुटली.

"धाऊबाबा कसा चुकंल?" ठकी म्हणाली. "इचारणाऱ्याला डावीकडं धाडायचं, हे आमच्या बारक्या पोरांनाबी ठावं हाय. तुमाला खरं सांगितलं. तुमी घरच्या."

तीस वर्षांत विनितानं हजारो चुका काढल्या होत्या. ही एक चूक एका अख्ख्या वाडीनं आपलं पाणी राखायला घालून ठेवली होती, आणि तिनं ती तांदळातल्या खड्यासारखी वेचून फेकली होती. तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. प्रकाशकाला सांगते, पुढच्या आवृत्तीत काढायला लावते, असं ती बोलत राहिली. दोन हजार प्रती केव्हाच दुकानांत गेल्या होत्या, हे तिलाही ठाऊक होतं.

ठकीनं सगळं ऐकून घेतलं.

"त्ये तुमचं तुमी बघा, ताई. वाडीत ह्ये पुस्तक येवढं एकच हाय. ह्यातलं माझं नाव खोडा."

विनितानं लाल पेन आणलं. पुन्हा पुन्हा गिरवून तिनं ते नाव पार बुजवलं आणि पुस्तक ठकीच्या हातात दिलं.

"खोडलं गं. आता काही दिसत नाही."

ठकीनं पुस्तक रिकाम्या पाटीत ठेवलं. पाटी डोक्यावर घेऊन ती पायरी उतरली.

"खोडलंय का नाय," ती म्हणाली, "त्ये सुनिताकडनं तपासून घेते."