बर्फघरातली बदली

"पगार तोच, हुद्दा तोच, गाडी लावायची जागासुद्धा तीच. मग शिक्षा कसली?" कंपनीचे वकील हॅस्केल ज्युरीला विचारत होते.

खरंच, कंपनीच्या मायेला तोड नव्हती. व्हर्लीन टब्ज तिथल्या टेबलावर एकोणीस वर्षं कॅटफिश मासे साफ करायची. ओल्या वाळूवरून पाणी ओघळावं, तसा तिचा सुरा माशाच्या पाठीवरून उतरायचा. तिनं शिकवलेली पाच गोरी पोरं तिच्यावरच मुकादम झाली. सहावाही गोराच नेमला, तेव्हा तिनं लेखी तक्रार दिली: काळ्या बायकांना ही जागा कधीच मिळत नाही. नवव्या दिवशी कंपनीला तिच्या हातांची दया आली. दमले असतील बिचारे, म्हणून तिला बर्फघरात धाडलं, खोकी उचलायला. दुसऱ्या हिवाळ्यात दोन बोटं वाकेनाशी झाली.

बदली तक्रारीमुळेच केली, हे मॅनेजर पर्व्हिस यांनी ईमेलमध्ये स्वतःच लिहून सगळ्यांचे कष्ट वाचवले होते. आता ज्युरीनं एवढंच तोलायचं होतं: अशी बदली बघून एखादी समजूतदार कामगार तक्रार करायला कचरेल का? कचरेल, तर तो कंपनीचा सूड, आणि व्हर्लीनला तिचं टेबल परत. नाहीतर बर्फघर होतंच.

हॅस्केलनी हुकमाचं पान काढलं. कारखान्यात व्हर्लीनच्या शेजारच्या टेबलावर मासे साफ करणारी ओलेथा साइक्स. चर्चमध्ये ती आणि व्हर्लीन एकाच बाकावरून गायच्या. आज ती कंपनीची साक्षीदार होती. व्हर्लीननं तिच्याकडे बघायचं टाळलं.

ओलेथानं शपथ घेतली आणि विचारलं तेवढंच सांगितलं. हो, त्या टेबलांवर चाळीस बायका. हो, व्हर्लीननंतर दोन वर्षांत एकीचीही तक्रार नाही.

हॅस्केल ज्युरीकडे वळून प्रसन्न हसले. चाळीस बायका आणि एक कुरकूर नाही. एवढं समाधान स्वर्गातसुद्धा नसेल. इथेच ते खाली बसले असते तर बरं झालं असतं. पण चांगल्या वकिलाला जिंकून भागत नाही, वर टाळीही लागते.

"म्हणजे ओलेथाबाई, तुम्हाला कधी तक्रार करावीशी वाटलीच नाही?"

"वाटली की, साहेब," ओलेथा म्हणाली. "सातजणींच्या सह्या होऊन कागद तयार होता. सोमवारी द्यायला निघालो, तर व्हर्लीन बर्फघरात जाताना दिसली. मग कोण देतंय?"